पायथॉनमध्ये एकाच वेळी बऱ्याच रेंज थोडक्यात कशा लिहायच्या

मराठी मजकुरातले सुटे स्वर मोजायचे होते, म्हणजे अ आ इ ई वगैरे, मात्रा नाही, आणि पहिल्यांदा मी जे लिहिलं ते असं होतं (न म्हणजे अक्षराचा नंबर, तो कुठून येतो ते खाली सांगते):

इफ न >= २३०८ अँड न <= २३२४ ऑर न >= २४०० अँड न <= २४०१ ऑर न >= २४१८ अँड न <= २४२३:

चालतं का, तर चालतं. पण दोन महिन्यांनी तीच ओळ उघडली की काहीच कळत नाही, कुठला आकडा सुरुवातीचा, कुठला शेवटचा, अँड आधी लागतो की ऑर, आणि एखादी नवीन रेंज, म्हणजे अमुक ते अमुक आकड्यांचा टप्पा, घालायची झाली की ती ओळ अजून लांबते आणि कुठेतरी एक बरोबरचं चिन्ह राहून जातं. म्हणून हे लिहितेय, की अशा चार-पाच रेंज असतील तर त्या नीट, थोडक्यात आणि परत वाचता येतील अशा कशा लिहायच्या.

आधी एक सांगते. मी इथे कोडसुद्धा देवनागरीत लिहिलाय, तुम्ही टाईप करताना इफ, फॉर, इन, रेंज, एनी हे पायथॉनचे स्वतःचे शब्द आणि आकडे इंग्रजीतच टाका. पण स्वर, सीमा, पानं अशी जी नावं मी दिलीयत ती खरंच देवनागरीत ठेवता येतात, पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव मराठीत चालतं, आणि मराठी डेटावर काम करताना मला ते आवडतं.

आता वरचे आकडे कुठून आले ते. यूनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो, पायथॉनमध्ये ऑर्ड('अ') केलं की २३०९ येतं. देवनागरीचा मुख्य ब्लॉक २३०४ पासून २४३१ पर्यंत आहे, १२८ जागा. त्यात स्वर २३०८ ते २३२४ मध्ये आहेत असं बघून मी आधी एवढीच एक रेंज टाकली होती आणि मोजणी चुकली, कारण ॲप, ॲडमिशन, ॲम्ब्युलन्स यातला ॲ मोजलाच जात नव्हता. कारण असं की ॲ हा यूनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आला, तोपर्यंत स्वरांची रांग भरलेली होती, हिंदीवाल्यांचा ऍ त्या रांगेत आधीपासून होता पण आपला ॲ नव्हता, मग त्याला जागा मिळाली पार शेवटी, २४१८ ला. आणि दीर्घ ॠ आणि ॡ हे २४०० आणि २४०१ वर वेगळेच बसलेत. म्हणजे एकाच जातीची अक्षरं तीन तुकड्यांत. अनेक रेंजची गरज खऱ्या आयुष्यात अशीच येते, कोणीतरी नंतर भर घालतं म्हणून.

पायरी पहिली, रेंज इफमधून बाहेर काढा. रेंज हा डेटा आहे, त्याची एक लिस्ट करा आणि फाईलच्या वरच्या बाजूला ठेवा:

स्वर = [रेंज(२३०८, २३२५), रेंज(२४००, २४०२), रेंज(२४१८, २४२४)]

आणि विचारताना:

एनी(न इन र फॉर र इन स्वर)

म्हणजे स्वर या लिस्टमधल्या कुठल्याही एका रेंजमध्ये न आहे का. बस. नवीन रेंज आली तर वरच्या लिस्टमध्ये एक कॉमा देऊन घालायची, खालच्या ओळीला हात लावायचा नाही.

इथे बऱ्याच जणांना भीती वाटते की न इन रेंज म्हणजे पायथॉन एक एक आकडा मोजत बसेल. तसं नाहीये. पायथॉन ३.२ पासून पूर्णांक विचारला की रेंज फक्त सुरुवात, शेवट आणि पाऊल बघून गणित करून उत्तर देते, दहा कोटींची रेंज असली तरी लगेच. पण हे पायथॉनच्या साध्या पूर्णांकाला लागू आहे. दशांश आकडा दिला, किंवा नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीमधून आलेला पूर्णांक तसाच दिला, तर मात्र ती खरंच एकेक आकडा तपासत जाते, म्हणून नमपायचा आकडा असेल तर आधी इंट() करून घ्या.

आता माझी खरी अडचण होती ती २३२४ च्या जागी २३२५ लिहिण्याची. रेंजमध्ये शेवटचा आकडा धरत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, पण यूनिकोडचा तक्ता, सरकारी परिपत्रक, रेल्वेचं टाइमटेबल, कुठेही बघा, दोन्ही टोकं धरूनच लिहिलेलं असतं. आणि मराठीत आपण "१ ते १०" म्हणतो तेव्हा १० धरलेलाच असतो, सोमवार ते शनिवार दुकान उघडं म्हटलं तर शनिवारी उघडं असतं. मग तक्त्यातून आकडे उतरवताना प्रत्येक वेळी डोक्यात एक मिळवायचा, आणि सहापैकी एका ठिकाणी विसरायचं. यावर मला सापडलेला सगळ्यात सोपा उपाय हा, एक छोटं फंक्शन आणि त्याचं नावच ते:

डेफ ते(अ, ब):
    रिटर्न रेंज(अ, ब + १)

स्वर = [ते(२३०८, २३२४), ते(२४००, २४०१), ते(२४१८, २४२३)]

आता तक्त्यातला आकडा जसाच्या तसा कोडमध्ये येतो, कोणीही तक्ता शेजारी धरून ताडून बघू शकतं. अधिक एक फक्त एकाच ठिकाणी आहे. मला वाटतं या सगळ्या लेखातलं एकच काहीतरी उचलायचं असेल तर हे उचला.

रेंजच नको असेल तर जोड्याही ठेवता येतात, पायथॉनमध्ये दोन्ही बाजूंची तुलना सलग लिहिता येते त्यामुळे:

जोड्या = [(२३०८, २३२४), (२४००, २४०१), (२४१८, २४२३)]
एनी(अ <= न <= ब फॉर अ, ब इन जोड्या)

हे दशांश आकड्यांनाही चालतं, रेंज चालत नाही, हा फरक पुढे महत्त्वाचा आहे. आणि अक्षरांसाठी तर ऑर्डसुद्धा लागत नाही, 'अ' <= अक्षर <= 'औ' असं सरळ लिहा, तुलना नंबरावरच होते. फक्त अक्षर खरंच एकच आहे ना बघा, कारण 'क' <= 'कमल' <= 'ह' हेसुद्धा खरं येतं. अजून एक, जुन्या मजकुरात ॲ हा अ आणि वर चंद्र असा दोन भागांत टाईप केलेला असतो, दिसायला सारखाच, पण नंबर दोन, २३०९ आणि २३७३, आणि यूनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, चालवलं तरी ते दोन एकत्र होत नाहीत. ते रिप्लेस करूनच घ्यावं लागतं.

आता समजा नुसतं स्वर आहे का एवढं नकोय, स्वर, व्यंजन, मात्रा, अंक यातलं काय आहे ते हवंय. इथे लोक परत इफ-एलिफची शिडी लावतात. त्याऐवजी डिक्शनरी करा:

गट = {
    'स्वर': [ते(२३०८, २३२४), ते(२४००, २४०१), ते(२४१८, २४२३)],
    'व्यंजन': [ते(२३२५, २३६१), ते(२३९२, २३९९), ते(२४२४, २४३१)],
    'मात्रा': [ते(२३६२, २३६३), ते(२३६६, २३८०), ते(२३८२, २३८३), ते(२३८९, २३९१), ते(२४०२, २४०३)],
    'हलन्त': [ते(२३८१, २३८१)],
    'अंक': [ते(२४०६, २४१५)],
}

मात्रांच्या मधोमध २३८१ ला पाय मोडायची खूण बसलीय, दिसतंय ना. मात्रा २३६६ ते २३८३ अशी एकच रेंज टाकली असती तर हलन्तपण मात्रेत गेला असता आणि कुठेही एरर आली नसती. नुसते आकडे चुकले असते.

आणि मग हा तक्ता एकदाच सपाट करून घ्यायचा:

कोश = {न: नाव फॉर नाव, यादी इन गट.आयटम्स() फॉर र इन यादी फॉर न इन र}

आता प्रत्येक अक्षराला कोश.गेट(ऑर्ड(अक्षर), 'इतर') एवढंच. शंभर-सव्वाशे नोंदी होतात, मेमरीला काहीच नाही, आणि लाखो अक्षरांची फाईल असली तर दर वेळी सगळ्या रेंज तपासत बसण्यापेक्षा हे बरंच जलद आहे. लिहायची जागा वाचता येण्यासारखी आणि चालवायची जागा वेगवान, दोन्ही वेगळं ठेवलं की दोन्ही मिळतं. हाच कोश वापरून मी अक्षरं मोजते, विद्यार्थी या शब्दात व्यंजनं पाच, हलन्त दोन, म्हणजे वि, द्या, र्थी अशी तीन अक्षरं, वजा केलं की झालं, शब्दात सुटा स्वर असेल तर तो वर मिळवायचा. अर्थात् सारखा शब्द पाय मोडून संपला की एकाने कमी येतं, तेवढं वेगळं सांभाळावं लागतं.

नुसतं आहे का नाही एवढंच हवं असेल आणि रेंज लहान असतील तर सेट अजून थोडक्यात होतो:

स्वर = {*ते(२३०८, २३२४), *ते(२४००, २४०१), *ते(२४१८, २४२३)}

रेंजच्या आधीची चांदणी म्हणजे ती उलगडून आत टाक. हे पायथॉन ३.५ पासून आहे, २०१५ पासून, म्हणजे आता सगळीकडे असतं. चौकोनी कंस वापरला तर सलग लिस्ट मिळते. काही जुन्या उत्तरांमध्ये रेंज + रेंज असं लिहिलेलं दिसेल, ते पायथॉन २ मधलं आहे, तिथे रेंज म्हणजे सरळ लिस्टच यायची, ३ मध्ये तसं केलं की टाईपएरर येते.

मोठ्या रेंजचा सेट मात्र करू नका. पिनकोडचं घ्या. महाराष्ट्राचे पिन पहिल्या तीन आकड्यांवरून बघितले तर ४०० पासून ४४५ पर्यंत जातात, मुंबई ४००, पुणे ४११, नागपूर ४४०, यवतमाळ ४४५, पण मधला ४०३ गोव्याचा. सहा आकडी पिनांचा सेट केला तर पंचेचाळीस हजार नोंदी उगाच. त्यापेक्षा:

महाराष्ट्र = [ते(४००, ४०२), ते(४०४, ४४५)]
एनी(पिन // १००० इन र फॉर र इन महाराष्ट्र)

भोक एकच असेल तर ४०० <= तीन <= ४४५ अँड तीन != ४०३ हेही चालेल (इथे तीन हे नाव आहे, पिन // १००० चं, म्हणजे पहिले तीन आकडे), आणि खरं सांगायचं तर वाचायला तेच बरं आहे. सगळीकडे लिस्ट घुसवायलाच पाहिजे असं नाही. मधले सगळे आकडे वापरात आहेतच असंही नाही, त्यामुळे याने पिन महाराष्ट्राच्या पट्ट्यातला आहे का एवढंच कळतं, तो पिन खरंच अस्तित्वात आहे का ते नाही.

आता दुसरा प्रकार, आणि हा जास्त लोकांना लागतो. रेंज एकमेकींना लागून आहेत, मध्ये भोक नाही, आणि आकडा कुठल्या खणात पडतो ते हवंय. दहावीचा निकाल घ्या, ३५ टक्क्यांना पास, ४५ ला द्वितीय श्रेणी, ६० ला प्रथम, ७५ ला विशेष प्राविण्य. एका क्लासच्या निकालाचा कोड माझ्याकडे दुरुस्तीला आला होता त्यात रेंज(४५, ६०) आणि रेंज(६०, ७५) असं लिहिलेलं होतं, पूर्ण गुणांवर छान चालायचं, मग टक्के आले ५९.८० आणि त्या मुलीच्या नावापुढे श्रेणीच रिकामी. कारण रेंजमध्ये ५९ आहे, ६० आहे, मधलं ५९.८ नाहीच. रेंज म्हणजे पट्टा नाही, ती पूर्णांकांची रांग आहे. हे एकदा मनात बसलं की निम्मे बग कमी होतात. आणि ज्यांनी ४५ ते ५९ आणि ६० ते ७४ अशा जोड्या लिहिल्या असतील त्यांचंही हेच होणार, ५९ आणि ६० च्या मधली फट तशीच राहते.

लागून असलेल्या रेंजला दोन टोकं लिहायचीच नाहीत, फक्त सीमा लिहायच्या. पायथॉनसोबतच येणारं बायसेक्ट नावाचं मॉड्यूल आहे, वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही:

फ्रॉम बायसेक्ट इम्पोर्ट बायसेक्ट

सीमा = [३५, ४५, ६०, ७५]
श्रेणी = ['अनुत्तीर्ण', 'पास', 'द्वितीय', 'प्रथम', 'विशेष प्राविण्य']

श्रेणी[बायसेक्ट(सीमा, टक्के)]

बायसेक्ट काय करतं, तर हा आकडा सीमांच्या रांगेत कितव्या जागी बसेल ते सांगतं. ३४.९९ असेल तर सगळ्यांच्या आधी, म्हणजे ०, अनुत्तीर्ण. बरोबर ३५ असेल तर ३५ च्या नंतर, म्हणजे १, पास. ५९.८ ला २, द्वितीय. फट राहूच शकत नाही कारण एक खण जिथे संपतो तिथेच पुढचा सुरू होतो, तो आकडा दोनदा लिहिलाच नाहीये. श्रेणींची नावं सीमांपेक्षा एकाने जास्त असतात, चार कुंपणं घातली की पाच तुकडे होतात तसं. सीमा चढत्या क्रमानेच हव्यात, उलट्या दिल्या तर एरर येत नाही, चुकीचं उत्तर येतं.

सीमेवरचा आकडा खालच्या खणात हवा असेल, म्हणजे शंभर युनिटपर्यंत एक दर आणि शंभराच्या वर दुसरा असं, तर बायसेक्ट_लेफ्ट वापरा. पर्यंत आणि पासून हा फरक आहे. पासून असेल तर साधं बायसेक्ट, पर्यंत असेल तर लेफ्ट. नियम लिहिलेला कागद नीट वाचा, शब्द कुठला आहे ते बघा, अंदाजाने ठरवू नका.

आणि बायसेक्ट कशालाही नाही म्हणत नाही, उणे पाच दिलं तर अनुत्तीर्ण सांगेल आणि १४० दिलं तर विशेष प्राविण्य, म्हणून आधी ० <= टक्के <= १०० तपासून घ्या. पांडास या तक्त्यांवर काम करायच्या लायब्ररीत पूर्ण कॉलम असेल तर हेच काम कट करतं, तिथे राईट = फॉल्स द्या नाहीतर बरोबर ६० वाला द्वितीय श्रेणीत जातो.

मॅच-केसबद्दल पण विचारतात लोक, ते पायथॉन ३.१० मध्ये आलं, पण त्यात रेंजसाठी वेगळी सोय नाही, केस न इफ ३५ <= न < ४५ असंच लिहावं लागतं, म्हणजे शिडी ती शिडीच राहिली. या कामाला मी वापरत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे सगळ्या रेंजमधून एकामागून एक फिरायचंय. पायथॉनसोबतच येणाऱ्या आयटरटूल्स मॉड्यूलमधला चेन आहे, फॉर न इन चेन(ते(१, ५), ते(११, १३)), यात लिस्ट बनत नाही, एकेक आकडा येत राहतो. पण चेन एकदा वापरला की संपतो. त्याला व्हेरिएबलमध्ये ठेवून ३ इन साखळी असं विचारलं तर ३ पर्यंतचे आकडे गिळले जातात आणि परत ३ इन साखळी विचारलं की नाही म्हणून उत्तर येतं. शोधायला फार त्रास देणारा बग आहे हा, म्हणून फिरायला चेन, विचारायला लिस्ट किंवा सेट. नमपाय वापरत असाल तर नमपाय.आर_[१:६, ८, ११:१४] एवढ्यात १ ते ५, ८ आणि ११ ते १३ चा ॲरे मिळतो, याहून थोडक्यात मी कुठे बघितलं नाही, फक्त तिथे शेवटचा आकडा धरत नाहीत.

आणि रेंज माणसाकडून येत असतील, प्रिंट काढताना पानं टाकतो तशा, "१-५, ८, ११-१३", तर:

डेफ पानं(मजकूर):
    फॉर तुकडा इन मजकूर.स्प्लिट(','):
        अ, _, ब = तुकडा.पार्टिशन('-')
        यील्ड फ्रॉम ते(इंट(अ), इंट(ब ऑर अ))

पार्टिशनमुळे डॅश नसेल तर ब रिकामा येतो, मग ब ऑर अ म्हणजे तोच आकडा परत, त्यामुळे सुटं ८ आणि ११-१३ दोन्हीला एकच ओळ पुरते. स्पेस इंट स्वतः काढून टाकतं. आणि कोडमध्ये आकडे इंग्रजीत लागतात असं मी वर म्हटलं, पण इंट('११') ला देवनागरी अंक व्यवस्थित कळतात, त्यामुळे वापरणाऱ्याने मराठी कीबोर्डवरून पानं टाकली तरी हे फंक्शन चालतं, त्याच्यासाठी वेगळं काही करायला लागत नाही, मला याचं फार बरं वाटलं होतं.

दोन गोष्टी सांभाळा इथे. वर्डमधून पेस्ट केलं की कधीकधी साध्या डॅशच्या जागी लांब डॅश येतो आणि इंट एरर देतं, तो आधी रिप्लेस करा. आणि कोणी १३-११ असं उलटं लिहिलं तर ते() रिकामी रेंज देतं, एरर नाही काही नाही, पानं गुपचूप गळतात, म्हणून अ मोठा असेल तर तिथेच व्हॅल्यूएरर रेज करा.

लिस्ट लिहून झाली की दोन तपासण्या मी नेहमी चालवते. एक, प्रत्येक टोक आणि त्याच्या बाहेरचा आकडा, म्हणजे २३०७ नाही, २३०८ हो, २३२४ हो, २३२५ नाही, मधले तपासून काही कळत नाही. दुसरी, रेंज एकमेकींवर चढल्यात का:

स = सॉर्टेड(यादी, की=लॅम्डा र: र[०])
ऑल(अ[-१] < ब[०] फॉर अ, ब इन झिप(स, स[१:]))

रेंजला उणे एकने शेवटचा आकडा विचारता येतो, लिस्टसारखाच, आणि तो खरा शेवटचा येतो, अधिक एकवाला नाही. गटवाल्या डिक्शनरीला तर ही तपासणी फार गरजेची आहे, कारण एकच नंबर दोन गटांत पडला तर कोश बनताना नंतरचा गट आधीच्यावर लिहिला जातो आणि पायथॉन काहीच सांगत नाही. तिथे सगळ्या गटांच्या रेंज एकत्र करून ही ओळ चालवा, फॉल्स आलं तर तक्ता शेजारी घेऊन बसा.